एका कॉफीवर किती वेळ बसावं? (गल्लीतलं कॅफे आणि लॅपटॉपवाले)

सोनटक्का
नमस्कार मंडळी. आमच्या कोथरूडात गल्लीच्या तोंडाशी एक छोटं कॅफे आहे. पूर्वी तिथे झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान होतं. चालवणारा मुलगा कष्टाळू आहे, कॉफी खरंच चांगली देतो, केक त्याची बायको घरी करते. आम्ही चौघी सकाळी टेकडीवरून उतरलो की तिथे कॉफी घ्यायचो. घ्यायचो म्हणतेय कारण हल्ली बसायला जागाच नसते. टेबलं सात, त्यातल्या पाचांवर एकेक माणूस, कानात बोंडं, समोर लॅपटॉप आणि बाजूला तळाला दोन घोट उरलेला कप. ते दोन घोट काही संपत नाहीत! चौघांचं टेबल एकट्याकडे, दुसऱ्या खुर्चीत सॅक, तिसरीत हेल्मेट. शनिवारी एकाला विचारलं, बाबा तू त्या छोट्या टेबलावर बसतोस का, तर न बघताच हाताने 'थांबा' केलं, मीटिंग चालू होती म्हणे. शनिवारी!

मालकाला म्हटलं तर तो हसतो, "काकू, काय बोलू, रेग्युलर आहेत." मग आम्ही कोण?

तर प्रश्न असा की एका कॉफीवर किती वेळ बसणं बरोबर? काही अलिखित नियम आहे का? इथले कोणी असे बसत असतील तर खरं खरं सांगा. मी भांडायला धागा काढलेला नाही. (थोडासा काढलाय.)

चहाबाज
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. एका पॉपकॉर्नवर किती वेळ बसायचं तेही सांगा.

खिडकीजवळचा
मी तो माणूस आहे. म्हणजे तुमच्या कॅफेतला नाही काकू पण तसलाच. आता माझी बाजू ऐका. वन बीएचके फ्लॅट, आई-बाबा आलेत, मुलगा अडीच वर्षांचा, बायकोचंही वर्क फ्रॉम होम, त्यामुळे बेडरूममध्ये ती, हॉलमध्ये टीव्हीवर बाबांच्या बातम्या आणि डायनिंग टेबलवर मुलगा डाळ-भात फासतोय, ऑफिस हिंजवडीत, आठवड्यातून तीन दिवस जावं लागतं, उरलेले दोन दिवस मी बसू कुठे? कॅफेत चार तास बसतो, दोन कॉफ्या आणि एक सँडविच होतं, पाचशेच्या आसपास बिल. फुकट बसत नाही हो कोणी. आणि गुरुवारी महावितरणचं मेंटेनन्स निघालं की आख्खी सोसायटीच कॅफेत असते, तेव्हा लॅपटॉप कमी आणि मोबाईलचे चार्जर जास्त असतात.

हेल्मेट मात्र खाली ठेवायला हवं, ते मान्य.

मी_नारायणपेठी
बाकी सगळं राहू द्या, शनिवारी मीटिंग ठेवणाऱ्या मॅनेजरवर कोणीतरी वेगळा धागा काढा.

पागोळी
@सोनटक्का, राग मानू नका पण आमच्याकडे उलटं आहे. सकाळी सातला ज्येष्ठांचा ग्रुप येतो, आठ जण, दोन टेबलं जोडतात, पाच फिल्टर कॉफी आणि तीन रिकामे कप मागवतात, मग राजकारण, गुडघे आणि अमेरिकेतली नातवंडं या क्रमाने साडेनऊ. लॅपटॉपवाला निदान आवाज तरी करत नाही. दिवे घ्या (म्हणजे हलकं घ्या).

सोनटक्का
@पागोळी दिवे घेतले. आम्ही चौघी चार कॉफ्या घेतो आणि पाऊण तासात उठतो. (गुडघ्यांचा विषय होतो, खोटं कशाला बोलू.)

ठोकताळा
'लॅपटॉप लावून वीज खातात' असं बरेच जण म्हणतात म्हणून आधीच हिशेब देऊन ठेवतो. लॅपटॉपचा चार्जर साधारण ६५ वॉटचा असतो, पण सतत तेवढं ओढत नाही. सरासरी ५० धरा. चार तासांचं झालं ०.२ युनिट. कमर्शियल दराने युनिट १५ रुपये धरलं तरी तीन रुपये. वरचा दीड टनी एसी तासाला एक-दीड युनिट खातो, आणि तो तुम्ही लॅपटॉप आणला काय, विणकाम आणलं काय, चालूच असतो. तेव्हा वीज हा मुद्दा सोडा. महाग काय असेल तर खुर्ची.

उकळी
ठोकताळा अगदी बरोबर बोलले. इथे बरीच वर्षं फक्त वाचत होते, आज लिहावं लागतंय कारण माझं स्वतःचं छोटं कॅफे आहे (पुण्यातच, जागा सांगत नाही, उद्या सगळे लॅपटॉप घेऊन याल).

आकडे सोपे करून सांगते. भाडं, दोन पोरांचे पगार, लाइट बिल, मशीनचा हप्ता, सगळं धरून शटर वर करायच्या आधीच दिवसाला नऊ हजार लागतात असं धरा. बावीस खुर्च्या, बारा तास, म्हणजे २६४ खुर्ची-तास. सगळ्या खुर्च्या सगळा वेळ भरल्या असत्या तर तासाला चौतीस रुपयांत भागलं असतं. पण कुठल्याही कॅफेत तसं होत नाही. सरासरी एक तृतीयांश खुर्च्या भरतात, म्हणजे भरलेल्या खुर्चीने तासाला शंभर रुपये द्यायला हवेत. कॅपुचिनो १९० ला, त्यात बिया, दूध, साखर, टिश्यू, फुटलेले कप धरून पन्नास-पंचावन्न जातात. राहिले एकशे पस्तीस. सव्वा-दीड तास झाला की त्या कॉफीने आपलं भाडं भरलं, पुढचं माझ्या खिशातून.

हे झालं कागदावर. प्रत्यक्षात दुपारी दोन ते पाच माझ्याकडे माशा मारायचं काम असतं. तेव्हा कोणी लॅपटॉप घेऊन बसलं तर मला सोन्याहून पिवळं, कारण रिकाम्या कॅफेत कोणी शिरत नाही. काचेतून दोन डोकी दिसली की तिसरं येतं. त्या वेळेला तुम्ही एका कॉफीवर तीन तास बसा, मी वरून पाणी आणून देईन. अडचण सकाळी आठ ते दहा आणि शनिवार-रविवार संध्याकाळी. तेव्हा चौघांच्या टेबलावर एकटा बसला की माझी एक नाही, चार गिऱ्हाइकं जातात. दारातून आत बघतात आणि वळतात. ते वळणं मला काउंटरवरून रोज दिसतं.

सोनटक्का, तुमच्या कॅफेवाल्याला बोलता येत नाही यात नवल नाही. एकाला उठ म्हटलं की संध्याकाळी गूगलवर एक स्टार, 'रूड ओनर'. तो एक स्टार धुऊन काढायला मग वीस चांगली माणसं लागतात.

खिडकीजवळचा
उकळी, हे वाचून मी मनातल्या मनात माझी दोन वर्षांची उधारी काढली. चार तासांत दोन कॉफ्या, एक सँडविच. पास ना काठावर?

उकळी
पास हो. तुमच्यासारखे असतील तर गालिचा अंथरीन. त्रास होतो तो 'एक एस्प्रेसो, वायफायचा पासवर्ड काय, आणि तो गाण्यांचा आवाज जरा कमी कराल का' वाल्यांचा.

दुपारची_झोप
पाट्यांचा विषय अजून कसा निघाला नाही? पुण्याचा धागा आहे ना हा? सुरुवात मी करतो.
"लॅपटॉप आणल्यास भूकही सोबत आणावी."

मी_नारायणपेठी
"येथे लॅपटॉप चार्ज करून मिळेल. बसणाऱ्यासही चार्ज केले जाईल."

चहाबाज
"दुपारी १ ते ४ मालक स्लीप मोडमध्ये असतात. लॅपटॉपही तसाच ठेवावा."

पागोळी
"आपला कॉल सर्वांस ऐकू येत आहे. आपले प्रमोशन होणार नाही असे सर्वांचे मत पडले."

ठोकताळा
पागोळी 😂 हे मात्र अनुभवातून आलेलं दिसतंय.

पागोळी
शंभर टक्के. बाणेरच्या एका कॅफेत शेजारच्या टेबलावर एका मुलीचं अप्रेझल चालू होतं, म्हणजे ही मॅनेजर, आणि पलीकडे कोणीतरी बिचारा. नाव, आडनाव, कुठल्या प्रोजेक्टवर आहे, किती टक्के हाइक मिळणार, क्लायंटने काय तक्रार केली, सगळं आम्हाला कळलं. तो मुलगा आमच्या ओळखीतला निघाला असता तर? बँकेचा माणूस तर एकदा कस्टमरचा खाते क्रमांक मोठ्याने वाचून दाखवत होता, तोही दोनदा, कारण नेटवर्क नव्हतं. कंपन्या दरवर्षी डेटा सिक्युरिटीचं ट्रेनिंग देतात, व्हिडिओ दोनच्या स्पीडने पळवून सर्टिफिकेट घेतलं जातं आणि मग हे.

फिल्टरकापी
जरा इतिहासात जाऊ या. कॉफीच्या दुकानात बसून धंदा करणं ही आयटीवाल्यांची आयडिया नव्हे. लंडनमध्ये १६८० च्या दशकात एडवर्ड लॉइडच्या कॉफीहाउसात जहाजवाले, व्यापारी आणि विमा उतरवणारे बसायचे, त्यातूनच पुढे लॉइड्स ऑफ लंडन हा विम्याचा बाजार उभा राहिला. ती मंडळी एका कॉफीवरच बसली असणार.

आपल्याकडे कॉफी बोर्डाची कॉफीहाउसं बंद होत होती तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनीच सहकारी सोसायट्या काढून ती चालवायला घेतली, हे १९५७ पासूनचं. म्हणजे इंडियन कॉफी हाउसमध्ये वाढणारा माणूसच मालकांपैकी एक. तिथे तासन्‌तास बसलेल्या पत्रकार-प्राध्यापकांना कोणी उठवत नसे अशी ख्याती.

आणि गंमत म्हणजे कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान, १९९६, बंगळुरूचा ब्रिगेड रोड, ते सुरू झालं सायबर कॅफे म्हणून. कॉम्प्युटर त्यांचा, इंटरनेटचे पैसे तासावर. तेव्हा वेळेचे पैसे उघड घेत होते आणि कोणाला काही वाटत नव्हतं. पुढे इंटरनेट स्वस्त झालं, कॉम्प्युटर गिऱ्हाइकाच्या सॅकमध्ये आला आणि वेळ फुकट झाली. फुकट म्हणजे कॉफीच्या किमतीत लपली.

हेमाद्री
फिल्टरकापी, उत्तम माहिती. यात इराणी राहिले. गुडलक १९३५ पासून डेक्कनच्या कोपऱ्यावर आहे, तिथे आमच्या कॉलेजच्या काळात एका बन-मस्क्यावर जग बदललं जायचं. पण इराण्याला गिऱ्हाईक उठवायची कला होती. टेबल पुसायला पोरगा यायचा. पुसलेलं टेबल परत पुसायचा. तिसऱ्यांदा फडका आला की आपण उठायचं, कोणी काही बोलायचं नाही. मुंबईच्या इराण्यांकडे तर पाट्याच पाट्या, केस विंचरू नका, गल्ल्याशी गप्पा मारू नका, जास्त वेळ बसू नका. लोक त्याचं कौतुक करतात आता, फोटो काढतात. आजच्या कॅफेवाल्याने तीच पाटी लावली की तो उर्मट.

मी_नारायणपेठी
वैशालीत तर फडक्याचीही गरज नाही. रविवारी सकाळी तुमच्या खुर्चीमागे वेटिंगवालं कुटुंब उभं राहतं आणि तुमच्या डोशाकडे बघतं. शेवटचा घास घशात अडकतो.

ऊन_पाऊस_बर्लिन
बर्लिनहून. इथे बऱ्याच छोट्या कॅफेंत टेबलावर स्टिकर असतो, लॅपटॉपवर काट. काही ठिकाणी फक्त शनिवार-रविवारी बंदी, काही ठिकाणी एकच 'लॅपटॉप टेबल'. कोणी वाद घालत नाही, पाटी आहे म्हणजे आहे. मला पहिल्यांदा अपमान वाटला होता, आता बरं वाटतं, कारण जिथे स्टिकर नाही तिथे बिनधास्त बसता येतं. मनात चोर नसतो.

अवांतर: पुण्यात आले की मला फक्त स्टीलच्या वाटी-पेल्यातली कॉफी हवी असते आणि मैत्रिणी मला फ्लॅट व्हाइट प्यायला नेतात. कोणीतरी थांबवा त्यांना.

फिल्टरकापी
अवांतराला प्रतिसाद: चिकोरी किती टक्के घालतात त्यावर आपण वेगळा धागा काढू. तीस टक्क्यांच्या वर गेलं की ती कॉफी नाही, काढा.

चहाबाज
वीस टक्के! आणि कॉफीपेक्षा चहा बरा, अमृततुल्यला उभ्याने प्या, दोन मिनिटांत बाहेर. तिथे कोणी लॅपटॉप उघडून दाखवावा.

दुपारची_झोप
एकाला पाहिलंय. कर्वे रोडला, अमृततुल्यच्या बाहेर, स्कूटीच्या सीटवर लॅपटॉप ठेवून प्रॉडक्शन इश्यू सोडवत होता. चहावाल्याने त्याला दुसरा कटिंग फुकट दिला.

निळाई
थोडं वेगळं लिहितेय. मी फ्रीलान्स भाषांतर करते, रोज तीन-चार तास कॅफेत बसते. घरी जागा आहे, वायफाय आहे, सासू-सासरे चांगले आहेत. पण घरी बसलेली बाई म्हणजे मोकळी बाई. "जरा गॅस बंद कर", "कुरिअर आलंय बघ", "मावशी आल्यात, पाच मिनिटं बाहेर ये". नवरा त्याच घरात, त्याच टेबलावर, तेच काम करत बसला की त्याला कोणी हाक मारत नाही, उलट सगळे हळू बोलतात.

आणि बाहेर तरी कुठे बसणार? पारावर, कट्ट्यावर पुरुष तासन्‌तास बसतात, काहीही न करता, एक चहासुद्धा न घेता. बाई एकटी बागेत अर्धा तास बसली तरी लोक वळून बघतात, कोणीतरी येऊन विचारतं कोणाची वाट बघताय का. कॅफेत मात्र समोर कप असला की तिथे असण्याचं कारण मिळतं. मी कॉफीचे पैसे देते तेव्हा खरं तर त्या कारणाचे देते, असं मला वाटतं. उकळींचा सव्वा तासाचा हिशेब पटला, दर दीड तासाने काहीतरी मागवायचं हे मी आधीपासूनच पाळते. पण 'लॅपटॉपवाले' म्हणून सगळ्यांना एका दावणीला बांधू नका एवढंच.

सोनटक्का
@निळाई, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शाळेच्या पेपरांचे गठ्ठे मी रात्री अकरानंतर स्वयंपाकघरात तपासायचे, ओट्याशी उभं राहून. आमच्या वेळी कॅफे असतं तर मीही गेले असते गठ्ठा घेऊन.

तरी चौघांचं टेबल एकट्याने अडवू नये हे माझं म्हणणं कायम आहे.

निळाई
त्यावर शंभर टक्के सहमत. मी कायम भिंतीकडेच्या छोट्या टेबलावर असते.

सहावा_अटेम्प्ट
सदाशिव पेठेतून एमपीएससीवाला बोलतोय. तुम्ही सगळे जे भांडताय ते आमच्याकडे कधीच सुटलंय. अभ्यासिका. महिन्याला हजार-दीड हजार, एक खुर्ची, एक प्लग, एक लॉकर, डोक्यावर पंखा, चोवीस तास उघडी. कॉफी नाही, केक नाही, काही नाही. खुर्चीचं भाडं खुर्चीच्या नावाने. कोणी कोणाला उठवत नाही आणि मागच्या बाकावर फोन वाजला तर पन्नास माना वळतात. उकळी ताईंच्या हिशेबाने माझी दिवसाची बारा तासांची बैठक १२०० रुपयांची झाली, मी ती पन्नास रुपयांत करतो. कॅफेत गेलो असतो तर पहिल्या अटेम्प्टलाच शेत विकावं लागलं असतं.

खिडकीजवळचा
मित्रा, अभ्यासिकेत कॉल घेता येत नाहीत. आणि को-वर्किंगला महिन्याचे पाच-सहा हजार मागतात, तेही बारा किलोमीटर लांब. कॅफे चालत दोन मिनिटांवर आहे, सगळं गणित तिथेच अडतं.

हेमाद्री
मग कॉल बाहेर घ्या ना! फूटपाथ कशाला आहे? (फूटपाथवर गाड्या लावल्यात, माहीत आहे.)

समुद्रपक्षी_सोल
सोलमध्ये नोकरीला आहे म्हणून लिहिते. इथे विद्यार्थी दिवसदिवस कॅफेत अभ्यास करतात, तो प्रकार इतका रुळलाय की कोणी दखलही घेत नाही. पण लोक लॅपटॉपवर थांबले नाहीत. मोठा डेस्कटॉप मॉनिटर, प्रिंटर, आजूबाजूला पुठ्ठ्याचं पार्टिशन, असा संसार थाटायला लागले. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये स्टारबक्सच्या इथल्या दुकानांत सूचना लागली की लॅपटॉप चालेल, डेस्कटॉप, प्रिंटर आणि पार्टिशन आणू नका. फोटो बघून मी आधी हसले, मग लक्षात आलं की यातला एक माझ्याच ऑफिसजवळचा आहे.

दुपारची_झोप
प्रिंटर!! तरी सोनटक्का काकूंच्या कॅफेत आधी झेरॉक्सचं दुकान होतंच. वर्तुळ पूर्ण.

ठोकताळा
अमेरिकेत त्याच कंपनीने २०१८ मध्ये काही न घेताही बसायला परवानगी दिली होती आणि जानेवारी २०२५ मध्ये ती काढून घेतली. आता आधी काहीतरी विकत घ्या, मग बसा. उलट टोक म्हणजे लंडनला २०१४ मध्ये एक जागा निघाली होती, झिफरब्लाट नावाची, मूळ मॉस्कोची. तिथे कॉफी-बिस्किटं फुकट आणि बसायचे मिनिटाला तीन पेन्स. दारातून घड्याळ घेऊन आत जायचं. एमपीएससी बंधूंच्या अभ्यासिकेचीच गोरी चुलत बहीण.

पुण्यात हे चालेल का? मला वाटतं नाही. मिनिटाचे पैसे म्हटल्यावर लोक कॉफी कमी आणि घड्याळ जास्त पितील. कॉफी फुकट म्हटल्यावर तर विचारूच नका.

मी_नारायणपेठी
आमच्या पेठेतले दोन काका रोज नऊ मिनिटांत सहा कप पिऊन बाहेर पडतील, मालक महिन्यात गाव सोडेल.

कोकणकडा
मी आधी एका कॅफेत काम केलंय, काउंटरला आणि टेबलालाही, म्हणून पोरांच्या बाजूने दोन शब्द. लॅपटॉपवाला मालकाला परवडतो की नाही ते उकळी ताईंनी सांगितलंच, आम्हाला तो परवडत नाही कारण टिप नसते. चार जणांचं कुटुंब येतं, आठशेचं बिल, तीस-चाळीस ठेवून जातं. लॅपटॉपवाला पाच तास बसतो, आठ वेळा पाणी मागतो, यूपीआयने एकशे नव्वद बरोबर देतो आणि जाताना थँक्स म्हणतो. थँक्स म्हणतो हे खरं, शिव्या देणारे वेगळे असतात. आणि एक, टेबलावरचा कप आम्ही उचलला की काही लोक दचकतात, "अरे संपली नाहीये", कारण कप गेला की आपणही जायचं हे त्यांना माहीत असतं. गार झालेली, साय धरलेली कॉफी, वरती तपकिरी कडं सुकलेलं, तो माणूस ती पिणार नाही हे त्यालाही माहीत आणि मलाही. पण कप राहू द्यायचा.

दुसरं एक बघा. आपण सगळे कोण किती वेळ बसलं यावर बोलतोय. पार्सल न्यायला येणारी डिलिव्हरीची पोरं अर्धा-अर्धा तास दाराबाहेर पायरीवर थांबतात. ज्या ऑर्डरवर कॅफे चालतं ती त्यांच्याच पाठीवरून जाते. आमच्याकडे त्यांना आत बसू द्यायचं नाही असा नियम होता. उन्हाळ्यात मी पाणी द्यायचो तर मॅनेजर ओरडायचा.

उकळी
कोकणकडा, लागलं मला हे. माझ्याकडे आत येऊ नका असा नियम नाही, पण बसा असंही कधी म्हटलं नाही. दाराजवळ एक बाक टाकते, जागा आहे तेवढी.

तांबडीमाती
पणजीतून. आमच्याकडे जुन्या कॅफेंत, कॅफे तातो, कॅफे भोसले, तिथे हा प्रश्न येत नाही कारण तुमच्या टेबलावर अनोळखी तिघं आधीच पाव-भाजी खात असतात आणि तुम्ही चौथे. लॅपटॉप ठेवायचा कुठे, भाजीत? उत्तरेला आसगाव-हणजूणला मात्र सगळा बाहेरून आलेल्या रिमोट कामवाल्यांचा कारभार, कॉफी तीनशेला आणि गावातला माणूस आत पायही ठेवत नाही. तिथे लॅपटॉपवालाच गिऱ्हाईक, तो उठला तर दुकान बंद. तेव्हा नियम जागेजागेचा वेगळा असणार, सगळ्यांना एक लावू नका.

आणि टेबल शेअर करायची सवय का गेली आपली? अनोळखी माणसासमोर बसून खायला लाज कसली?

पागोळी
तांबडीमाती +१. कॅफेत 'इथे बसू का' विचारलं की समोरचा असा बघतो जसं काही मी त्याच्या बेडरूममध्ये शिरले.

ऊन_पाऊस_बर्लिन
इथे सर्रास विचारतात. विचारायचं, बसायचं, बोलायचं नाही. तिन्ही गोष्टी सोप्या आहेत. पुणेकरांना तिसरी जड जाईल.

हेमाद्री
मूळ प्रश्न राहिला बाजूला. सोनटक्का विचारतायत किती वेळ. माझं मत: गर्दी नसेल तर कितीही, गर्दी असेल तर कप संपेपर्यंत. डोळे उघडे ठेवून बसा म्हणजे झालं. दारात कोणी उभं राहिलं की लॅपटॉप मिटा किंवा लहान टेबलावर सरका.

खिडकीजवळचा
हेमाद्री, तत्त्वतः मान्य पण हेडफोन लावून स्क्रीनमध्ये डोकं घातलेल्या माणसाला दार दिसतच नाही हो. मला पाटी लावलेली आवडेल. खरंच. मला आत्ता दर अर्ध्या तासाने वाटतं की काउंटरवरचा माझ्याकडे बघतोय का, मग भूक नसताना कुकी मागवतो. वजन वाढलंय त्यापायी. स्पष्ट लिहा ना, सकाळी दहापर्यंत लॅपटॉप नको, मी सव्वादहाला येतो.

उकळी
मी काय केलं ते सांगते, सोनटक्का तुमच्या कॅफेवाल्याला दाखवा. भिंतीला लागून सात फुटांची अरुंद फळी ठोकून घेतली, सुताराने तीन स्टुलं दिली, चार प्लग फक्त तिथेच. चौघांच्या टेबलांजवळचे प्लग काढून टाकले. कोणाला काही बोलावं लागलं नाही, लॅपटॉपवाले आपोआप फळीकडे जातात, प्लग तिथे आहे ना. वायफायचं कूपन बिलावर छापून येतं, दीड तासाचं. वेळ संपली की काउंटरला यावं लागतं, आलं की समोर काचेत केक दिसतो. निम्मे तरी काहीतरी घेतात. नाही घेतलं आणि गर्दी नसली तर मी तसंच दुसरं कूपन देते.

पाटी मात्र लावायची हिंमत अजून झाली नाही. त्या एका स्टारची भीती.

मी_नारायणपेठी
एक स्टार आला तर इथे लिंक टाका. आम्ही वीस जण येऊन कॉफी पिऊ आणि पाच-पाच स्टार देऊ. उभ्याने पिऊ हवं तर.

उकळी
या हो सगळे. पण दुपारी दोन ते पाच.

सहावा_अटेम्प्ट
फळीवर स्टुलाला पाठ आहे का?

उकळी
नाही. मुद्दाम.

ठोकताळा
🙏 या बाईंना अर्थमंत्री करा.

सोनटक्का
मंडळी, उकळींची पोस्ट आज त्या मुलाला वाचून दाखवली. फळी ठोकायला त्याला जागा आहे, खिडकीखाली, पण घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही म्हणे. भोक न पाडता फळी बसवायचा काही उपाय?

कोकणकडा
पाय असलेलं अरुंद टेबल करून घ्या, पंधरा इंच खोल, भिंतीला नुसतं टेकवायचं. नाना पेठेत जुन्या फर्निचरवाल्यांकडे शाळेचे लांब बाक मिळतात ते बघा, नुसते पाय वाढवले की झालं. उंची बेचाळीस इंच ठेवायला सांगा.

सोनटक्का
शाळेचे बाक! उद्याच विचारते. खिडकीखाली उंची थोडी कमी आहे, चाळीस चालेल का?

कोकणकडा
चालेल. स्टूल मग अठ्ठावीसचं घ्या.